नऊ माणसं, एक गाडी आणि पंधरा फुटी अंगण

तळ्याकाठी
गाड्यांवरचे जुने धागे चाळून झाले. त्यातल्या निम्म्या गाड्या आता मिळत नाहीत आणि उरलेल्या निम्म्यांची किंमत वाचून हसू येतं. म्हणून हा नवा धागा.

आम्ही साताऱ्यात मंगळवार तळ्याजवळ राहतो. घरात नऊ माणसं. आजी (८३), आई, दादा (आमचे वडील), मी आणि बायको, धाकटा भाऊ आणि भावजय, माझा मुलगा (१४, पण उंचीला मला मागे टाकलेला) आणि पुतणी (६). दारात दहा वर्षांची वॅगनआर आहे, ती ठेवायची की काढायची ते ठरलेलं नाही. आता सगळ्यांना नेईल अशी मोठी गाडी घ्यायची आहे, ऑन रोड (टॅक्स-विम्यासकट) चौदा-पंधरा लाखांच्या आत बसवायचंय.

घरात मतं अशी आहेत: आजीला चढायला-उतरायला सोपी पाहिजे. भावाला सीएनजी पाहिजे. मुलाला सनरूफ पाहिजे (त्याचं मत मोजत नाही). दादांना फक्त ऍव्हरेज पाहिजे. दादा चौतीस वर्षं एसटीत चालक होते. एसटीत केपीटीएल म्हणून एक प्रकरण असतं, दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली त्याचा आकडा. आमच्या लहानपणी घरात पोरांच्या मार्कांपेक्षा दादांच्या केपीटीएलची चर्चा जास्त व्हायची. त्यामुळे आता कोणीही गाडीचं नाव काढलं की दादांचा पहिला प्रश्न, "केपीटीएल किती?"

अनुभवाचे बोल येऊ द्या.

कंदीपेढा
इनोव्हा घ्या आणि विषय संपवा.

पेठनाका
विषय संपवा म्हणणाऱ्यांनी कुठली इनोव्हा ते आधी सांगावं. एकाच नावाच्या दोन वेगळ्या जातीच्या गाड्या आहेत. क्रिस्टा म्हणजे चॅसीवरची (खाली लोखंडी सांगाडा, वर वेगळी बॉडी), मागच्या चाकांवर चालणारी, डिझेल. दणकट, पण चढायला उंच. हायक्रॉस २०२२ च्या शेवटी आली, ती पेट्रोल, पुढच्या चाकांवर चालणारी, आणि चॅसी-बॉडी एकच असल्यामुळे आतली जमीन खाली. म्हाताऱ्या माणसाला या दोन गाड्यांत काय फरक पडतो ते शेजारी शेजारी उभ्या करून बसवल्याशिवाय कळत नाही. हायक्रॉसच्या हायब्रिडचा (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी) कंपनीचा आकडा लिटरला २३.२४ किलोमीटर आहे, म्हणजे एवढ्या मोठ्या गाडीला दादांचं समाधान होईल असा. पण ती तुमच्या पंधरा लाखांत बसत नाही, दुप्पट धरा. जी साधी पेट्रोल हायक्रॉस आहे तिचा आकडा १६ च्या आसपास, आणि तीही तुमच्या बजेटच्या बाहेरच.

तेव्हा इनोव्हाचा विषय जुन्या गाडीवर येतो. जुनी घेणार असाल तर वेगळं बोलू.

तळ्याकाठी
धन्यवाद पेठनाका. हायक्रॉसचा विषय पैशाआधीच संपला. आमचं अंगण गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत १५ फूट २ इंच. काल संध्याकाळी भावजयीने टेप घेतला आणि अंगणात रांगोळीने गाड्या काढल्या. मारुतीची अर्टिगा साडेचौदा फुटांच्या जरा वर. कियाची कारेन्स १४ फूट ११, म्हणजे गेट लावताना पोट आत घ्यायचं. हायक्रॉस १५ फूट ७ इंच, तिचं नाक रस्त्यावर. आजी बाहेर आली, तीन आयत बघून म्हणाली, "आज कुठला सण?"

सकाळी दूधवाल्याची सायकल कारेन्सवरून गेली.

आयर्विन
जुनी इनोव्हा म्हणालात म्हणून लिहितो, सांगलीचा आहे. आमच्याकडे ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. ४५ फूट धोक्याची पातळी, त्यावर बारा फूट. किती गाड्या पाण्यात राहिल्या त्याला हिशोब नाही. त्यातल्या बऱ्याच गाड्या धुऊन-पुसून, सीट कव्हर घालून पुढं कुठं कुठं गेल्या. मी त्यातलीच एक घेतली, तीही लांबच्या जिल्ह्यातून! एजंटाचं नाव लिहीत नाही, आता तो धंद्यातही नाही. पहिले सहा महिने गाडी लोण्यासारखी. मग एकदा काच खाली होईना, मग हॉर्न आपोआप वाजायला लागला, तो थेट एका मयताच्या घरापुढं. वायरिंगमध्ये आतून गंज. खर्च करून दमलो.

आता जुनी गाडी बघायला कोणी नेलं तर मी इंजिनाकडं बघतच नाही. आधी मागच्या सीटचा बेल्ट पार शेवटपर्यंत बाहेर ओढतो. वरचा हातभर बेल्ट सगळे धुतात, आत गुंडाळलेला कोणी धूत नाही. तिथं गाळाची रेघ दिसली की चहा पिऊन घरी. मग स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालायचा, सीटखालच्या रुळांवर गंज बघायचा, पुढच्या सीटचं कार्पेट उचलून वास घ्यायचा. पूर आलेली गाडी कितीही अत्तर मारलं तरी पावसाळ्यात वास सोडते. आणि विम्याचा जुना क्लेम नंबरवरून निघतो, तो काढायला लावायचा.

दुसरं, जुनी इनोव्हा म्हणजे निम्म्या वेळा आधी टुरिस्टला चाललेली असते. पिवळ्या पाटीची पांढरी झाली आहे का ते आरसीच्या इतिहासात दिसतं. त्यात वाईट काही नाही, पण मीटरवर ८० हजार आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर गुळगुळीत, असं असलं तर मीटरवर विश्वास ठेवू नका. रबरावर ठेवा.

तंबोऱ्याची तार
आयर्विन, मयताच्या घरापुढचा हॉर्न. हसू नये, पण.

बेदाणा
मी तासगावचा. अर्टिगा सीएनजी, तीन वर्षं, ७४ हजार किलोमीटर. माझं फिरणं वर्षाला पंचवीस हजाराच्या आसपास, बेदाण्याच्या कामासाठी सांगली, पंढरपूर, कधी विजापूर.

कंपनी सीएनजीला २६.११ सांगते. मला एसी लावून, दोघं-तिघं असताना किलोला २१-२२ पडतं. हिशोबासाठी पेट्रोल १०५ आणि सीएनजी ९२ धरा, तुमच्याकडचे भाव घालून बघा. पंचवीस हजार किलोमीटरला पेट्रोलवर पंधराच्या ऍव्हरेजने पावणेदोन लाख लागले असते. सीएनजीवर एक लाख दहा हजारांच्या आत भागतं. गाडी घेताना सीएनजीला लाखभर जास्त मोजले, ते दीड वर्षात फिटले. वर रोड टॅक्स महाराष्ट्रात सीएनजीला पेट्रोल-डिझेलपेक्षा कमी. डिझेलला पेट्रोलपेक्षाही दोन टक्के जास्त.

फक्त एक सांगतो, नंतर कोणी सांगितलं नाही म्हणू नका. सातही सीट भरल्या तर सामानाला जागा नाही. नुसत्या पेट्रोल अर्टिगालाच तिसऱ्या रांगेमागे २०९ लिटर डिकी, म्हणजे दोन मध्यम बॅगा आणि एक पिशवी. सीएनजीत तिथं टाकी बसते. मला काही अडत नाही, मी तिसरी रांग कायम पाडून ठेवतो.

कुंभार्ली
बेदाणा, सपाटीवर बरोबर आहे तुमचं. आम्ही पाटणचे, आमच्या नशिबी घाट. मागच्या मे महिन्यात चिपळूणहून सात माणसं, दोन पेट्या आंबे आणि एक फणस घेऊन सीएनजीवर कुंभार्ली चढलो. फणस मेव्हण्याच्या मांडीवर. दुसऱ्या गिअरला गाडी कण्हायला लागली, तिसरा टाकला की मागं बघायला लागते. शेवटी पेट्रोलवर टाकली, एसी बंद केला, तेव्हा वर आलो. सीएनजीवर ताकद थोडी कमी मिळते हे सगळ्याच गाड्यांचं आहे, त्यात कंपनीचा दोष नाही. पण भरल्या गाडीने घाट चढणार असाल तर हे धरून चाला. मेव्हणा अजून फणस खात नाही.

अवांतर: टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. बेदाणा, तुमची तीन वर्षं झाली म्हणताय, केली का?

बेदाणा
केली नाही. या महिन्यात करतो. आठवण केल्याबद्दल आभार, घरी बोलू नका.

नांगरट
आमच्या वेळी सुमो होती. १९९४ साली आली, टाटांच्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरं घेऊन नाव ठेवलेलं. आमच्या सुमोत आम्ही सोळा जणं जोतिबाला गेलोय. कशाचं ऍव्हरेज आणि कशाची डिकी.

मेणवलीचा घाट
नांगरटकाका, आणि परत किती आलात?

नांगरट
सोळाच आलो. एक बोकड जास्त.

मेणवलीचा घाट
:) आता मूळ प्रश्नाकडे. मी वाईची. सासरी आम्ही आठजण, म्हणून हा सगळा तमाशा दोन वर्षांपूर्वी केलाय. माझं म्हणणं एवढंच, की गाडी पुढच्या सीटवर बसून निवडू नका. शोरूमवाला घरच्या कर्त्या माणसाला स्टिअरिंगपुढे बसवतो, स्क्रीनवर बोटं फिरवून दाखवतो, आणि सातवी सीट लांबून हात करून दाखवतो. सात सीटर घेताय ती सातव्या सीटसाठी. तर सातव्या सीटवर बसून निवडा.

आम्ही पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा मी मागच्या रांगेत बसले आणि नवऱ्याला म्हटलं, आता ही गाडी वीस मिनिटं चालव. गुडघे छातीला. कारण मागच्या रांगेत सीट आणि जमीन यांत अंतरच कमी असतं, पाय खाली सोडताच येत नाहीत. बुटक्या माणसालाही मांड्या अधांतरी. शिवाय पसरणीच्या घाटात मागच्या चाकावर बसलेल्या माणसाला प्रत्येक वळण दोनदा लागतं. माझ्या लेकीला पाचगणीपर्यंत दोनदा उलटी. पुढच्या रांगेत बसवल्यापासून एकदाही नाही.

हे तिथंच बघून घ्या: मागे जायला मधली सीट कशी सरकते, आणि ती तुमची आई एका हाताने सरकवू शकते का. कारेन्सला बटण दाबलं की सीट उडी मारून पुढे जाते, तिथं ती सरस आहे. एसीची हवा मागे कुठून येते. मागच्या सीटवरच्या माणसाचं डोकं आणि मागची काच यांत किती बोटं अंतर राहतं. पडद्यासारख्या एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत येतात की मधेच संपतात, हे सरळ विचारा आणि माहितीपत्रकात दाखवायला सांगा. सहा एअरबॅग म्हटलं की सहा माणसांना एकेक, असं नसतं.

तळ्याकाठी
हे सगळं लिहून घेतलं. रविवारी अख्खं घर घेऊन जाणार.

भडंग
रेनोच्या ट्रायबरचं कोणी बोलंना? चार मीटरच्या आत, तुमच्या अंगणात बसून वर तुळस ठेवायला जागा राहील. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचा फरक बघा. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत (डिझेल असेल तर १५००), अशा गाडीला १८ टक्के. त्याबाहेर गेलं की ४०. ट्रायबर १८ मध्ये, अर्टिगा ४० मध्ये. बोलेरोपण १८ मध्ये येते. तिसऱ्या रांगेच्या सीट पार काढून घरी ठेवता येतात, मग ६२५ लिटर डिकी.

कुंभार्ली
भडंग, सगळं खरं. पण इंजिन एक लिटरचं, तीन सिलिंडर, ७२ अश्वशक्ती. सात माणसं घालून यवतेश्वरचा घाट चढायचा तर निम्म्यांनी उतरून ढकलायची तयारी पाहिजे.

भडंग
मर्दा, ढकलायला सातजण आहेतच की.

बरं, चेष्टा सोडा. चौघांचं घर, गावात फिरणं आणि वर्षातून पाच-सहा वेळा पाहुणे, त्याला ट्रायबर एक नंबर. नऊ जणांच्या घराला नाही, हे मान्य.

नांगरट
मग बोलेरो घ्या. माण-खटावच्या रस्त्याला दुसरं काय टिकत नाही.

मेणवलीचा घाट
काका, बोलेरोच्या मागच्या सीट आडव्या, समोरासमोर. शेतावर जायला उत्तम. सहा वर्षांच्या पोरीला महामार्गावर ऐंशीच्या वेगात तिथं बसवाल का?

नांगरट
नाही बसवणार. नातवंडांना मीही पुढंच बसवतो. बोलेरो मागं घेतली.

तंबोऱ्याची तार
मिरजेची आहे. घरात डिझेलची सात सीटर आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण चूक गाडीची नव्हती, आमची होती. डिझेलचं ऍव्हरेज चांगलं म्हणून घेतली. आणि चालवली कशी? घर ते दवाखाना अडीच किलोमीटर, दवाखाना ते शाळा दीड किलोमीटर, दिवसातून चार वेळा. आठव्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा.

आत्ताच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारी एक जाळी असते, डीपीएफ म्हणतात. ती गरम झाली की काजळी आपोआप जळून जाते. पण गरम व्हायला गाडी थोडा वेळ एका लयीत पळावी लागते. अडीच किलोमीटरमध्ये इंजिनच तापत नाही, जाळी काय तापणार. मेकॅनिक म्हणाला, "ताई, आठवड्यातून एकदा हिला कोल्हापूरला नेऊन आणा, गाडी बरी राहील." आता दर रविवारी आम्ही गाडीच्या तब्येतीसाठी महालक्ष्मीचं दर्शन घेतो. डिझेल वाचवायला डिझेल जाळतो.

तुमचं रोजचं फिरणं किती आणि कसलं ते लिहिलंच नाहीत. ते कळल्याशिवाय पेट्रोल, डिझेल की सीएनजी हे कोणी सांगू नये.

पेठनाका
+१. हा प्रश्न पहिल्या प्रतिसादात यायला हवा होता. आपण सगळे गाडीवर बोलतोय, माणसं किती वेळा कुठं जातात त्यावर नाही.

तळ्याकाठी
तंबोऱ्याची तार, तुमच्या प्रश्नाचं उत्तर घरात कपाटात होतं. दादा वॅगनआरची वही ठेवतात. शंभर पानी, कव्हरवर गणपती. तारीख, मीटर, कुठे, किती माणसं, तेल किती, खाली सही. सही कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "सवय." भाड्याने गाडी केली तरी नोंद आहे, फक्त मीटरच्या जागी रेघ.

काल रात्री जेवणं झाल्यावर मागच्या बारा महिन्यांचं जमवलं. गावाबाहेरच्या फेऱ्या ६१. त्यात नऊच्या नऊ माणसं चार वेळा: पालीचा खंडोबा, म्हसवडला रथ, कराडचं लग्न आणि त्याच लग्नाची सुपारी. सात-आठ माणसं नऊ वेळा. पाच-सहा चौदा वेळा. उरलेल्या ३४ फेऱ्यांना चार किंवा कमी. गाडी वर्षात ७,६०० किलोमीटर फिरली. भाऊ शिरवळला कंपनीच्या बसने जातो, मी गावातच, त्यामुळे रोजचं असं काही नाही.

वही मिटली तेव्हा सगळे जरा गप्पच होते. वर्षभर आम्ही "नऊ माणसांची गाडी" म्हणत होतो, ती चार दिवसांची निघाली.

मग भावाने सीएनजीचा हिशोब मांडला. आठ हजार किलोमीटरला पेट्रोलचे ५६ हजार, सीएनजीचे ३५ हजार. वर्षाला एकवीस हजार वाचले तर वरचे लाख रुपये फिटायला पावणेपाच वर्षं. आणि तोवर डिकी नाही. त्याने स्वतःच वही पुढे सरकवली. त्याला सीएनजी मनापासून पाहिजे होती, म्हणून नोंदवतोय.

बेदाणा
सात हजार किलोमीटरला सीएनजी घेऊ नका. सीएनजीवाला म्हणून सांगतोय.

कंदीपेढा
मग चार दिवसांसाठी काय? पोरगी मांडीवर, दुसरा दाटीवाटीनं. चालतंय की.

मेणवलीचा घाट
नाही चालत. मांडीवरचं पोर म्हणजे जोरात ब्रेक लागला की आपल्या हातात राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. त्याला बेल्ट नाही, आपला बेल्ट त्याच्यावरून लावला तर ते आपल्याच वजनाखाली. चार दिवस वॅगनआर बरोबर न्या. किंवा त्या चार दिवसांना मोठी गाडी भाड्याने करा, ड्रायव्हरसकट. घरचे सगळे पुरुष मागे बसून झोपतील, तो सोहळाही एकदा बघण्यासारखा असतो.

भडंग
दहा सीटची सिटीलाइन पण येते, फोर्सची. सगळ्या सीट पुढं तोंड केलेल्या. पाच मीटरच्या वर आहे, तुमच्या रांगोळीत बसायची नाही. आणि गल्लीत लावली की दोन दिवसांत कोणतरी हात करून विचारील, "वडाप का? कोरेगाव?"

तळ्याकाठी
रविवारचा वृत्तांत.

दोन शोरूम, नऊ माणसं, एक डबा थालीपीठ. पहिल्या ठिकाणी सेल्समनने दादांना स्टिअरिंगपुढे बसवलं. (मेणवलीचा घाट, तुमचं वाक्य आठवून आम्ही सगळे हसलो, तो बिचारा गोंधळला.) दादांनी खाली उतरून विचारलं, "पूर्ण भरल्यावर हवा किती?" त्याला माहीत नव्हतं. दादांनी ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचा स्टिकर दाखवला, रिकाम्या गाडीला एक आकडा, भरल्याला दुसरा. त्यानंतर तो दादांना साहेब म्हणायला लागला.

मुलगा अर्टिगाच्या तिसऱ्या रांगेत बसला. गुडघे वर, मान जरा वाकडी. कारेन्समध्ये थोडा बरा बसला. पुतणी दोन्हीकडे खूश, तिला मागे "घर" मिळालं. पण तिला मागच्या रांगेत बसवायचं नाही असं माझ्या बायकोने काचेपासूनचं अंतर हाताने मोजून जाहीर केलं. तीन बोटं.

खरी परीक्षा आजीची. नऊवारी, उजवा गुडघा दुखरा. मधल्या सीटवर तिने आधी पाठ टेकवली, मग एकेक पाय आत घेतला, खाटेवर बसतात तसं. अर्टिगात हे एका दमात झालं. दुसऱ्या गाडीत उंबरा थोडा रुंद, तिचा पाय मधेच अडकला आणि तिने माझा खांदा धरला. काही बोलली नाही. घरी आल्यावर आईला म्हणाली, "ती पहिली बरी. दुसरीत पण बसेन, पण दर वेळी कोणीतरी धरायला लागेल."

त्यानंतर कारेन्सवर कोणी बोललं नाही. गाडी म्हणून ती मला जास्त आवडली होती, आतून ऐसपैस, चाकं लांब-लांब, मागची सीट जास्त माणसात आणणारी. तुमच्या घरात आजी नसेल किंवा आजी माझ्या आजीपेक्षा तरतरीत असेल तर ती नक्की बघा.

अर्टिगा, पेट्रोल, मधलं मॉडेल, हाताचे गिअर. वॅगनआर राहणार, पाली आणि म्हसवडसाठी. बुकिंग केलं.

पेठनाका
अभिनंदन. शोरूमचा विमा घ्यायच्या आधी बाहेर दोन ठिकाणी भाव काढा, तिथंच घ्यायची सक्ती नसते. आणि कोटिंग-बिटिंगच्या नावाखाली लावलेली रक्कम बिलात शोधा, विचारली की बहुतेक वेळा निघते.

आयर्विन
नवी असली तरी ताबा घेताना एकदा बेल्ट ओढून बघा. माझ्या समाधानासाठी.

तळ्याकाठी
सात आठवड्यांनी परत आलो. क्षमस्व, गाडी मिळून तीन आठवडे झाले.

पहिली फेरी सज्जनगड, दुसरी औदुंबर करून नृसिंहवाडी. कराडच्या पुढे पेठ नाक्यावरून आत वळलो, आष्ट्यात चहा. सातजण होतो. आजी पुढच्या सीटवर, तिथून ती उतरायला तयार नव्हती. मुलगा आणि भाऊ मागे, वाडीत उतरल्यावर दोघांनी दोन मिनिटं नुसतं उभं राहून पाय सरळ केले. मागे फक्त दोन बॅगा मावल्या, प्रसादाचे पेढे मांडीवर आले. आयर्विन, बेल्ट ओढून बघितला. कोरा आहे.

दादांनी ऍव्हरेज एसटीच्या पद्धतीने काढलं. एकच पंप, तीच नळी, आपोआप बंद झाली की थांबायचं, वर दोन घोट भरायचे नाहीत. ४१२ किलोमीटरला २७.८ लिटर. गाडीच्या स्क्रीनवर १६.९ दाखवत होतं, दादा स्क्रीनकडे बघत नाहीत. पंपावरचा पोरगा म्हणाला, काका, आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, त्यानं थोडं कमीच पडणार. दादा म्हणाले, "म्हणजे आपलाच ऊस आपल्याच गाडीत." तेवढ्यावर सोडून दिलं.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय: केपीटीएल १४८. खाली सही. आणि सहीखाली, कंसात, "घाटात एसी कोणी लावला?"